अक्का आणि जुन्या डब्याचा हिरवा दिवा

आमच्या अक्काला दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवत नाही, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. तिला दुसऱ्याचं वाईट झालेलंही पाहवत नाही. शेजाऱ्याकडे नवी गाडी आली की तिच्या पोटात दुखतं, आणि तीच गाडी फाटकात बंद पडली की धक्का मारायला पहिली तीच धावायची. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मला पाठवते.

ती माझी थोरली बहीण. मी जन्मलो तेव्हा पाळण्यापाशी उभी राहून ती आईला विचारायची, "हा पाहुणा कधी जाणार?" पाहुणा गेला नाही. उलट माझी बायको वारली तेव्हा अक्काच आपली ट्रंक घेऊन माझ्याकडे आली आणि राहिली. माझी मुलगी तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती. तिच्या वेण्या, तिचे पाढे, तिची दुखणीखुपणी, सगळं अक्काने केलं. मी छापखान्यात बायंडिंगच्या खात्यात. लोकांची पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे, दाबाखाली ठेवायची. आत काय लिहिलंय ते वाचायला कधी सवड झाली नाही, त्यामुळे लिहिण्याच्या बाबतीत माझं काही खरं नाही. चूकभूल सांभाळून घ्यावी. पण अक्काबद्दल दुसरं कोणी लिहील असंही दिसत नाही.

अक्काने लग्न केलं नाही. एक स्थळ चांगलं होतं. मुलगा पाहायला आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "चहा आमच्या वहिनीसारखाच झालाय." अक्का आत गेली ती बाहेर आलीच नाही. "जन्मभर त्या वहिनीबरोबर कोण शर्यत लावणार?" असं ती अजून म्हणते.

ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होती. कानाला यंत्र लावायचं, समोर भोकांचा मोठा बोर्ड, आणि हातात दोऱ्या. ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याची दोरी त्याच्या भोकात घालून द्यायची. तिथले दोन नियम तिने आम्हा सगळ्यांना पाठ करून घेतलेत. पहिला, लाइन जोडून दिली की आपला कान काढायचा, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. दुसरा, ऑपरेटरने दोरी ओढल्याशिवाय कॉल संपत नाही. बोलणारे फोन ठेवून झोपी गेले तरी दोरी भोकात आहे तोवर पैसे चढत राहणार. तिच्या शेजारी एक मुलगी बसायची, दिसायला देखणी, आणि साहेब लांबच्या गावांचा बोर्ड नेहमी तिलाच द्यायचे. अक्का तिच्यावर जळायची. त्या मुलीने एकदा जेवायला जाताना दोरी तशीच ठेवली, कुठल्याशा व्यापाऱ्याला भलंमोठं बिल गेलं आणि तिचा पगार कापला गेला. अक्काने घरी येऊन सांगितलं, "बरी जिरली." आणि पुढचा महिनाभर दोन डबे नेले, एक स्वतःचा आणि एक तिचा.

माझी मुलगी आता लांब असते. तिकडेच नोकरी, तिकडेच संसार. घरात ती अजून चिमणीच. दर रविवारी सकाळी ती टॅबवर दिसते. त्याआधी अक्का केस विंचरते, पावडर लावते, खुर्ची पुढे ओढते आणि मला बजावते, "बाळ, तू मध्येमध्ये तोंड घालू नकोस." मी सत्तरी ओलांडली तरी बाळच. मी मागे उभा राहून हात हलवतो.

यंदा चिमणीला दिवस गेले. उशिरा गेले, त्यामुळे आनंद होता आणि धाकधूकही होती. होणाऱ्या बाळाची झबली आपल्या हातांनी शिवायची असं तिने मनात घेतलं. पण शिकायचं कोणाकडून? अक्काचं शिवण म्हणजे सुईत दोरा ओवणं, तेही चष्मा सापडला तर. चिमणीने समोरच्या माईंना विचारलं.

माई आमच्या समोरच्या दारात राहतात. नवरा लवकर गेला. मग पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन मुलं मार्गाला लावली. बोलायला गोड, हसायला मोकळ्या. अक्काच्या मते हेच त्यांचे दोष.

"इतकं गोड बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही," अक्का म्हणायची.

"तुझ्या मनातलं कळतं का?"

"माझ्या मनातलं साऱ्या जिन्याला कळतं. म्हणून तर मी सरळ."

चिमणी दर बुधवारी दुपारी माईंच्या टॅबवर फोन करू लागली. माईंचं दार वाऱ्यासाठी उघडंच असतं. तिथून हसण्याचा आवाज आला की अक्का हातातलं काम टाकून आमच्या दारामागे उभी राहायची.

"शिवणात एवढं हसण्यासारखं काय असतं रे? टाके घालायचे की दात काढायचे?"

"अगं, शिकतेय पोर."

"माझ्याशी बोलायला बसली की तिला घरातली कामं आठवतात. हिच्याशी बोलताना बरं घड्याळ बंद पडतं." मग आवाज खाली आणून म्हणायची, "लहानाची मोठी मी केली, आणि गळे कापायला ही."

"झबल्याचे गळे, अक्का."

"कळतं मला."

आणि एका रविवारी चिमणी सहज बोलून गेली, "आत्तू, माईंकडे चित्र किती स्वच्छ येतं गं! टाका न् टाका दिसतो. तुझी मात्र नुसती सावली दिसते."

फोन ठेवल्यावर अक्का बराच वेळ टॅबच्या काळ्या काचेकडे पाहत बसली. मग म्हणाली, "बाळ, आपण लाइन बदलायची. मोठ्या कंपनीची घ्यायची."

आता इथे शिडीवाल्याबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातलं इंटरनेट त्याचं. आधी त्याचा टीव्हीच्या केबलचा धंदा होता. इंटरनेट आलं तशी त्याने वायर बदलली, शिडी तीच ठेवली. स्कूटरला आडवी बांधलेली ती शिडी आधी कोपऱ्यावरून वळते आणि मागाहून तो वळतो. माणूस भिडस्त. आमच्याकडून तो माईंपेक्षा कमी पैसे घ्यायचा, आणि या सवलतीवर अक्काचा भारी जीव. "माझ्याकडे बघून कमी घेतो. मीही लाइनमधलीच ना," हे तिने माईंना जाता-येता ऐकवलेलं. माई म्हणायच्या, "असेल हो. आम्हाला कोण देतंय सवलत!" त्या एका वाक्यावर अक्काचा आठवडा सुखात जायचा.

"मग शिडीवाल्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगू नंतर," असं म्हणून तिने विषय मिटवला.

कंपनीचा माणूस आला. त्याने ड्रिलने भिंतीला भोक पाडलं, टेबलावरचा जुना पांढरा डबा सोडवून आमच्या हातात दिला आणि नवा बसवला. आमच्या दारावर, आतल्या बाजूने, चपलांच्या कपाटाच्या वरच्या अंगाला, शिडीवाल्याने फार पूर्वी ठोकलेला एक काळा डबाही होता. त्यात हिरवा दिवा.

"तो काढा की," अक्का म्हणाली.

"तो आमचा नाही, मावशी. दुसऱ्याच्या मालाला आम्ही हात लावत नाही."

"मग जुनं बंद कसं होणार?"

"होईल आपोआप," म्हणत त्याने चुरा झाडला आणि गेला.

रविवारी अक्का नवी साडी नेसून बसली. चिमणी म्हणाली, "लाइन मस्त झालीय गं आत्तू! पण तुझी अजून सावलीच दिसते. खिडकीकडे पाठ करून बसतेस ना, म्हणून. माई बघ, खिडकीसमोर बसतात."

म्हणजे दोष लाइनचा नव्हताच. मी हळूच खुर्चीला हात लावला तर अक्का कडाडली, "खुर्ची आहे तिथेच राहील. ती बसते तशी मी का बसू?"

त्या दिवसापासून तिचं लक्ष दिव्याकडे गेलं. चपला काढताना, घालताना, देवाणघेवाणीला दार उघडताना वर पाहायचं. दिवा आपला लुकलुकतोय.

"आपोआप म्हणे! आमच्याकडे आपोआप काही होत नसे. दोरी भोकात आहे, बाळ. मीटर पळतोय."

"अगं, तो वापरत कुठे आहोत आपण?"

"तो व्यापारीही वापरत नव्हता. झोपला होता."

महिना उलटला, दुसरा लागला. दिवा विझेना. अक्काची जेवणावरची वासना उडाली. मी म्हटलं, "सरळ विचार ना शिडीवाल्याला, किती झाले म्हणून."

"काय विचारू? तुला पाठीमागून सोडलं, आता तुझे किती झाले सांग? एवढी वर्षं माझ्याकडे बघून त्याने कमी घेतले."

"मी विचारतो."

"तू विचारशील, तो जिन्यात उभा राहून सांगेल, आणि समोरचं दार कायम सताड उघडं. मग बुधवारी," इथे अक्काने माईंचा आवाज असा हुबेहूब काढला की मी दचकलो, "'अगं चिमणे, तुझ्या आत्याची थकबाकी झालीय हो, बिचारीची!' चिमणी काय म्हणेल? माईंची सगळी कामं वेळच्या वेळी, आणि आत्तू लोकांचे पैसे बुडवते."

तिला बिलाची भीती नव्हती. पेन्शन होती, हात मोकळा होता. चिमणीच्या नजरेत समोरचं पारडं आणखी खाली झुकेल आणि आपलं वर जाईल, हे तिच्या जिवाला लागलं होतं. शिडीवाल्याची स्कूटर वाजली की ती मोरीत जाऊन बसायची. एकदा बाजारात लांबून शिडी दिसली म्हणून आम्ही भाजी न घेताच आडगल्लीत शिरलो. तो रंगारी निघाला.

शेवटी एका मंगळवारी दुपारी ती म्हणाली, "स्टूल धर." स्टुलावर चढली. काळ्या डब्याची वायर जवळच्याच सॉकेटमध्ये होती. ती तिने दोन बोटांत धरली, पाठ ताठ केली, आणि एक्सचेंजमधल्या त्या जुन्या, ओळखू न येणाऱ्या आवाजात म्हणाली, "आपला कॉल संपला आहे." प्लग उपसला. दिवा गेला. त्या दुपारी ती घोरेपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. समोरून हसणं ऐकू आलं नाही. अक्काने मला दोनदा सांगितलं की आज कसं शांत वाटतंय. संध्याकाळी मात्र जिन्यात शिडी आपटली. शिडीवाला माईंकडे आला होता. तो गच्चीवर गेला, खाली आला, पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. मधूनमधून माईंकडे बसून चहा.

अक्का दारामागे. "एवढ्या वर्षांत आपल्याकडे एकदा टेकला नाही. नेहमी घाई. तिथे बशीत ओतून पितोय."

"तुला बंद दारातून दिसलं?"

"दिसायला कशाला पाहिजे? फुर्र ऐकू आलं."

काय बिघडलंय ते आम्हाला माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. माईंची लाइन गेली आहे एवढंच कळलं, आणि अक्काला त्यातून थोडं सुख मिळालं. "मोठ्या कंपनीचं घ्यावं माणसाने," ती कपबशा विसळताना स्वतःशी म्हणत होती.

ते सुख फार टिकलं नाही. सोमवारी माईच दारात. "अक्का, तुमची लाइन चालू आहे ना हो? शिडीवाल्याला माझा दोष सापडेना. या बुधवारी चिमणीचा कॉल तुमच्याकडे घेतला तर चालेल का? गळ्याचं अर्धं राहिलंय, आणि पोरीचे दिवस भरत आलेत."

नाही कसं म्हणणार? अक्का म्हणाली, "घर तुमचंच आहे." हे वाक्य बोलताना तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

बुधवारी माई कापड, कात्री, खडू घेऊन आल्या. अक्काच्या खुर्चीत बसल्या. बसल्या-बसल्या उठल्या, आणि खुर्ची उचलून सरळ खिडकीकडे तोंड करून ठेवली. "ऊन तोंडावर पाहिजे हो अक्का. पाठीवर काय कामाचं?" टॅबवर माई लख्ख दिसायला लागल्या.

"बघितलंस आत्तू?" पलीकडून चिमणी ओरडली.

"बघतेय," अक्का म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कोरडाच पेला पुसत. जे आजवर दाराआडून ऐकलं ते आता डोळ्यांसमोर, आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत. पट्टी तिरकी कापायची, ओढायची नाही, आधी कच्चा टाका. दोघी बोलत होत्या आणि हसत होत्या.

माई म्हणाल्या, "तुझ्या आत्याला बोलव की पुढे. दारात उभ्यात त्या."

"आत्तूला शिवणाचा कंटाळा, माई. लहानपणी माझं बटण तुटलं की ती पिन लावून द्यायची. शाळेत मला मुली पिनवाली म्हणायच्या!" आणि चिमणी खळखळून हसली. तिच्या मनात काही नव्हतं. जुनी गंमत सांगतात तशी तिने सांगितली.

अक्काचा पुसणारा हात थांबला.

कॉल संपला. माई कापड गुंडाळताना म्हणाल्या, "कशी गेली बघा लाइन. त्या मंगळवारी दुपारी धाकट्याशी बोलत होते, बोलता बोलता तुटली ती तुटलीच."

माई गेल्यावर अक्का चपलांच्या कपाटाखाली जाऊन उभी राहिली. मान वर. "बाळ, इकडे ये. ह्या डब्यातून दोऱ्या कुठे कुठे जातात ते बघ."

मी पाहिलं. एक आमच्या टेबलाकडे यायची, ती आता लोंबत होती. एक वरून गच्चीकडून आलेली. आणि एक चौकटीच्या फटीतून बाहेर. मी दार उघडलं. बाहेरची वायर जिन्याच्या छताला खिळे मारून सरळ पलीकडे, माईंच्या दारावरून आत. वर्षानुवर्षं ती आमच्या डोक्यावर होती. स्वतःचं नाक जसं दिसत नाही, तशी ती आम्हाला दिसली नव्हती.

"हा फोन नाही रे," अक्का म्हणाली. "हा बोर्ड आहे. फोन ठेवायचा तर मी बोर्डच बंद करून बसले. जन्म गेला माझा त्यात, आणि मला कळू नये?"

"मग लाव परत."

"लावला की मीटर सुरू. आणि बुधवार पुन्हा हिचा. नाही लावला तर ही दर बुधवारी माझ्या खुर्चीत." ती कपाटावरच टेकली. इकडे आड, तिकडे विहीर. जरा वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पिना टोचत असतील का रे तिला?"

"मला काय ठाऊक? मला सांगितलं असतंस तर मी लावून दिली असती बटणं. शिवण्याचंच तर काम करत होतो."

"तू पुस्तकं शिवायचास."

"सुई तीच असते, अक्का."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हे इतकी वर्षं मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवाला पुन्हा आला. माईंच्या दारातच बोलत होता. आम्ही दोघं आमच्या दारामागे. अक्काने तोंडावर बोट ठेवलं.

"माई, मी हात टेकले," तो म्हणत होता. "गच्चीवर सगळं ठीक आहे. कंपनीच्या माणसाने अक्कांकडे भोक पाडलं, तेव्हा भिंतीत माझी वायर तुटली असणार."

"मग विचारा की अक्कांना."

"कुठल्या तोंडाने बेल वाजवू? त्यांनी न सांगता सोडलं मला, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. आता गेलो तर वाटेल, भांडायला आला."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको. माझ्यापायी दोन शेजारणींत वाकडं नको. तुम्हीही कंपनीचं घ्या, माई. मी माझी वायर काढून नेतो."

 माई म्हणाल्या, "मला नको कंपनी. एकटीला किती लागतं! मुलं साध्या फोनवर बोलतील. आणि चिमणीला येतं आता बऱ्यापैकी. तिला सांगते, काय अडलं तर रविवारी आत्तूला दाखव. अक्काच खऱ्या तिच्या. मी आपली मध्येच घुसलेली."

मी अक्काकडे पाहिलं. तिला पाहिजे होतं ते सगळं तिला मिळालं होतं. नुसतं गप्प उभं राहिलं की झालं. बुधवार गेला, माई गेल्या, शिडीवाला वायर घेऊन जाणार म्हणजे डब्याचा दिवाही कायमचा मिटला.

अक्का कुजबुजली, "स्टूल."

मला वाटलं, तिला बसायचंय. पण ती चढली.  मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. तिने प्लग घातला. आधी काही नाही, मग हिरवा दिवा एकदा मिचकावला आणि पळू लागला. समोरच्या घरात माईंचा टॅब टुणटुणायला लागला, इतक्या दिवसांचे निरोप एकदम.

"आली! अहो, आली!" माई ओरडल्या.

"मी तर काहीच केलं नाही!" शिडीवाला ओरडला.

"दार उघड," अक्का स्टुलावरून मला म्हणाली. "चोरासारखं काय जोडायचं!"

मी दार उघडलं. समोर शिडी, शिडीशेजारी शिडीवाला, त्याच्यामागे माई, आणि अलीकडे स्टुलावर अक्का.

"मी काढला होता," अक्का म्हणाली. "तुझे पैसे चढत होते म्हणून. किती झाले ते सांग आता. इथेच सांग, सगळ्यांना ऐकू दे."

"कसले पैसे?"

"अरे, दिवा चालू होता ना एवढे दिवस!"

शिडीवाल्याला हसावं की रडावं कळेना. "अक्का, जिन्यात कंपनीची वायर दिसली त्याच दिवशी मी तुमचं बंद केलं. तुमच्याकडून काही येणं नाही. तो दिवा तुमचा नाही, मजल्याचा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दोघंही शिडीकडे पाहायला लागले. तेवढ्यात माईंचा टॅब वाजला आणि त्या "धाकटा, धाकटा!" करत आत पळाल्या. शिडीवाला पुढे म्हणाला, "उलट मीच तुमचं देणं लागतो. डबा तुमच्या विजेवर चालतो. म्हणून तर इतकी वर्षं तुमच्याकडून कमी..."

"हळू!" अक्का एवढ्या घाईने खाली उतरली की स्टूल कलंडलं. तिने त्याला बाहीला धरून आत ओढलं आणि दार लोटलं. "विजेची होती ती सवलत?"

"हो. म्हणजे... हो."

अक्काचा चेहरा उतरला. जिन्यातून जाता-येता माईंना ऐकवलेलं एकेक वाक्य तिला आठवत असावं. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. "माईंनी ऐकलं का हे?"

"नसेल ऐकलं. त्या आत गेल्या होत्या."

"मग नीट ऐक. डबा राहू दे. वीज मी देते, मला त्याचं काही नको. फक्त समोर कधी बोलायचं नाही. सवलत माझ्याकडे बघून होती. कळलं?"

शिडीवाला म्हणाला, "तुमच्याकडे बघूनच होती, अक्का. नाहीतर डबा मी दुसऱ्या कोणाच्या दारावर ठोकला असता का?"

मोठ्या कंपन्या आल्या तरी हा माणूस धंद्यात कसा टिकला, ते मला तेव्हा उमगलं. अक्काने त्याला बसवून घेतलं, चहा केला, बशी दिली. पहिली फुर्र झाली तशी ती उठली आणि आमचं दार सताड उघडून आली.

बुधवार पुन्हा माईंचा झाला. समोरून हसणं येतं. अक्का कपाटाजवळ खुर्ची टाकून बसते, वर दिव्याकडे पाहते आणि मला सांगते, "लाइन जोडून दिली की आपला कान काढायचा." मग रेडिओ मोठा करते. थोड्या वेळाने लहान करते.

त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "तुझी ती पुस्तकाची सुई आहे का अजून?" सुई होती, मेण लावलेला दोराही होता. माझ्या सगळ्या सदऱ्यांची बटणं तिने कापून काढली आणि पुन्हा लावली. काही सदरे आता मला डोक्यातून घालावे लागतात, कारण पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली गेली आहे. "समोर कळलं तर याद राख," ती बजावते. माईंकडून ती काही शिकणार नाही. मी गुरू कसा का असेना, घरचा.

चिमणीने शिवलेल्या झबल्यांना बटणं नव्हती. तिला अजून जमत नव्हतं. अक्काने एक तयार झबलं आणलं, त्याची बटणं काढली, आपल्या हाताने पुन्हा लावली आणि पार्सल केलं. ते पोचल्यानंतरच्या रविवारी मी पाहिलं तर खुर्ची खिडकीकडे वळलेली. "ऊन आता त्या बाजूने येतं," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली.

"आत्तू, आज दिसतेस की तू!" चिमणी म्हणाली. तिने झबलं काचेसमोर धरलं, एक बटण धरून जोराने ओढलं. "अगं, कापड फाटेल, पण हे बटण निघणार नाही! काय दोरा वापरलास?"

अक्का पुढे सरकली. "आधी ते सांग," ती म्हणाली, "माईंच्या टाक्याचं निघतं का?"